परसातले मीठ

बारामतीहून फलटणकडे निघाले म्हणजे नीरा नदी ओलांडण्यापूर्वी सांगवी हे गाव लागते. (पुण्याच्या वेशीवर, पिंपळे-सौदागरच्या शेजारी आणखी एक सांगवी आहे, ती ही नव्हे, जरी पिंपळे-सौदागरचे नाव पुढे एकदा यावयाचे आहे.) नदीच्या पैल तीरावर सातारा जिल्हा, ऐल तीरावर पुणे. मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आतबाहेर. तथापि चार वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका दुपारी आम्ही तेथे प्रथम गेलो तेव्हा या आकड्यावर आमचा विश्वास बसेना. गावाभोवती पुरुषभर उंचीचा ऊस, त्यातून येणारी कोंदट वाफ, अंगाला चिकटलेला झगा, आणि ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागे केळी, नारळ, कढीपत्ता व अळू. आम्हांला वसईची आठवण झाली. आमचा जन्म वसईच्या एका वाडीतला. सेमिनरीत जाईपर्यंतची आमची सारी सकाळ शिंपण्यात गेलेली. त्या आठवणीनेच पुढे घोटाळा केला.

घर आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाचे. गृहस्थ साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची पत्नी, सून, आणि ऐंशी वर्षांच्या आजी. परस प्रशस्त. सूनबाईंना तेथे भाजीपाला व फळझाडे लावावयाची होती. त्यांनी विचारले, आणि आम्ही सांगितले. धर्मगुरूला सल्ला विचारला असता तो 'मला ठाऊक नाही' असे सहसा म्हणत नाही, हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. आम्ही म्हणालो, पपईला आणि लिंबाला खोल आळे करा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, पाण्यात कुचराई नको. कालव्याचे पाणी दारात, विहीर काठोकाठ भरलेली. त्यांनी आमचे शब्द अक्षरशः पाळले.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो. राखेचा बुधवार नुकताच झाला होता, आणि परसात जणू कोणी राख पसरून ठेवली होती. आळ्यांच्या कडांवर, वाफ्यांच्या माथ्यावर पांढरा, भुरभुरीत थर. लागलेल्या सहा पपयांपैकी पाच बुंध्याशी कुजून आडव्या झालेल्या. लिंबाच्या पानांची टोके करपलेली. घेवडा उगवून पिवळा पडलेला. आम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट, मागून कडवट. आजी ओट्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, पाणी लई झालं त्याला. खालचं मीठ वर आलंय."

आम्ही ज्या गावचे, तेथे मीठ समुद्रातून येते. सांगवीपासून समुद्र पन्नास कोस दूर, मध्ये अख्खा सह्याद्री. मग येथे मीठ कोठून आले? या प्रश्नाने आम्हांला पुढे बरेच महिने पुण्याच्या ग्रंथालयांत बसवले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण या एका परसाची कथा ही मुळात नीरेच्या सबंध खोऱ्याची कथा आहे.

कालव्यापूर्वीची सांगवी आज कल्पनेनेच उभी करावी लागते. नदीकाठची काळी जमीन, त्यापुढे माळ. ज्वारी-बाजरीचा मुलूख. विहिरीवर मोट असेल तेथे चार वाफे भाजीचे. घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर एखादी केळ, अळूचा वाफा, छपरावर चढवलेला दोडका किंवा भोपळा, कुंपणाला शेवगा. मोटेचे पाणी बैलांच्या घामाने वर येई, त्यामुळे ते कोणी उधळीत नसे. परसबागेचे माप पाण्याने ठरे, आणि पाण्याचे माप बैलांच्या पायांनी. जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथात मिसर देशाचे वर्णन करताना पायांनी पाणी देऊन भाजीचा मळा भिजवण्याचा उल्लेख आहे. आम्ही तो सेमिनरीत अनेकदा वाचला होता, पण त्यातले कष्ट प्रथम ध्यानी आले ते सांगवीची जुनी, आता बुजत चाललेली मोटेची विहीर पाहिल्यावर.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर सरकारने नीरेच्या डाव्या तीरावरील कालव्याचे काम नेटाने हाती घेतले. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, वीर येथे नीरेवर बंधारा, आणि तेथून पुरंदर, बारामती व इंदापूरच्या दिशेने शंभर मैलांच्या आसपास धावणारा कालवा, अशी ही योजना. कालव्याला पाणी सुटले १८८५ मध्ये, धरण पुरे झाले १८९२ मध्ये. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे जाडजूड खंडही १८८५ चेच. म्हणजे नीरेच्या पाण्याने सांगवीची काळी जमीन जेमतेम भिजू लागली होती, तेव्हाच जिल्ह्याचा हा सरकारी ताळेबंद छापून मोकळा झाला होता. जमेची बाजू त्यात सापडते. खर्चाची बाजू अजून घडावयाची होती.

आरंभी शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावर उड्या घातल्या असे मात्र नाही. पाण्याची पट्टी, अधिकाऱ्यांचा जाच आणि नव्या गोष्टीविषयीची धास्ती यांमुळे दख्खनेत कालव्याच्या पाण्याला गिऱ्हाईक कमी असे. महात्मा फुले यांनी पुण्याजवळ मांजरीला कालव्यालगत जमीन घेऊन तेथे बागायत केली, तीही हे पाणी कसे वापरावे याचा नमुना लोकांपुढे असावा म्हणून. नीरेच्या कालव्यावर हा नमुना घातला तो प्रामुख्याने सासवडकडच्या माळी बागायतदारांनी. ते खंडाने जमिनी घेत, ऊस लावीत, गुऱ्हाळे घालीत. मेहनत आणि खत यांत त्यांना तोड नव्हती. पुढे १९३० च्या दशकात याच मंडळींनी माळशिरस तालुक्यात माळीनगरला आपला साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेला कारखाना म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे.

ऊस हे पीक बारा महिने जमिनीत उभे राहते. आडसाली असेल तर सोळा ते अठरा. तितका काळ त्याला पाणी लागते. आणि पाणीपट्टी पिकावर व क्षेत्रावर आकारली जाई, पाण्याच्या मापावर नव्हे. मग पाळी आली की बारे फोडावे, रात्रभर पाणी चालू ठेवावे आणि घरी येऊन झोपावे, ही रीत पडली. ज्याच्या आजाने मोटेमागे उभे राहून पाण्याचा थेंब न् थेंब मोजला होता, त्याच्या नातवाने पाणी मोजणे सोडून दिले. त्याला आम्ही दोष देणार नाही. दुष्काळ पाहिलेल्या घरात पाणी आले तर दुसरे काय होणार?

जमिनीत काय घडले ते आता सांगितले पाहिजे. नीराकाठची काळी माती चिकण. ती पाणी धरून ठेवते, खाली सोडीत नाही. तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. वरून दिलेले जास्तीचे पाणी निचरून जायला वाट नाही, म्हणून ते खाली साठत जाते आणि भूजलाची पातळी वर्षागणिक वर चढते. पाषाण झिजून माती होताना तिच्यात क्षार असतातच. कालव्याच्या गोड पाण्यातही ते अत्यल्प का होईना असतात. खालचे पाणी पुरुषभर खोलीपर्यंत आले की, दिव्याच्या वातीने तेल चढावे तसे ते मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. वर ऊन तापलेले. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे हेच. आधी जमीन खारवट होते. मग त्यातल्या सोडियमने माती चिकटून, गोळा होऊन ती चोपण होते, आणि चोपण जमिनीत पाणीही मुरत नाही, मुळीही शिरत नाही. सांगवीच्या आजींना यातला सोडियम ठाऊक नव्हता. बाकी सगळे ठाऊक होते.

सरकारच्या ध्यानी हे यायला फार वेळ लागला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. त्यांनी नीरेच्या कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. सबंध गाव भिजवायचे नाही; गावातले ठराविक तुकडे निवडून त्यांना पाणी द्यायचे, तुकड्याच्या एका भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, आणि ती फिरती ठेवायची. पाणी अधिक गावांना पुरावे आणि जमीनही बिघडू नये, असा दुहेरी हेतू. बागायतदारांना ती जाचक वाटली व त्यांनी विरोध केला. जाचक ती होतीच. पण तिच्यामागची भीती खरी होती.

१९१० मध्ये, म्हणजे कालव्याला पाणी सुटून पुरती पंचवीस वर्षे झाली तेव्हा, नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका निघाली. लेखक डॉ. हॅरल्ड मान आणि श्री. ताम्हणे. मान हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि आमच्या मते दख्खनच्या शेतकऱ्याकडे आकड्यांच्या पलीकडे जाऊन पाहणाऱ्या थोड्या साहेबांपैकी एक. पुढे त्यांनी पिंपळे-सौदागर या गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. कर्ज, जमिनीचे तुकडे आणि मजुरी यांविषयी तो आजही वाचावा असा आहे. नीरेच्या पुस्तिकेपाठोपाठ आणखी एक गोष्ट झाली. कालव्याखालच्या जमिनी आणि पाणी यांचे गणित बसवण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये पाटबंधारे खात्यात एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याच्या हाताखाली तो वाढला, आणि त्यातूनच आजची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. धरणे आणि बंदरे यांच्या प्रतिकृती करणारी म्हणून ती आपणांस माहीत असते. तिचा उगम पिकांना पाणी किती व कसे द्यावे या साध्या प्रश्नात आहे, हे वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

उपाय तेव्हाही ठाऊक होता: निचरा. चर खणा, खालच्या पाण्याला वाट द्या, मग गोड पाण्याने क्षार धुऊन काढा. चर खणलेही गेले. पण चराला खर्च लागतो, जागा लागते, आणि तो शेजाऱ्याच्या बांधातून गेल्याशिवाय नदीला मिळत नाही. शेजाऱ्याच्या बांधातून चर नेणे म्हणजे काय, हे ज्यांची जमीन आहे त्यांना सांगावयास नको. दरम्यान पाणी वाढतच गेले. भाटघरला जुन्या धरणाच्या जागी अधिक उंच असे लॉइड धरण १९२८ च्या सुमारास तयार झाले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. नीरेच्या पट्ट्यात पक्की घरे आली, शाळा आल्या, मुले शिकली. आमच्या यजमानांची नोकरी, त्यांचे घर आणि त्या घरामागचे परससुद्धा उसानेच दिलेले आहे. तेव्हा उसाला शिव्या देणे आम्हांला जमत नाही. शहरात बसून चहात साखर ढवळीत उसाला शिव्या देणारे पुष्कळ आहेत.

याच बारामती तालुक्याचा दुसरा भाग, कालव्याच्या वरचा, पाण्यावाचून सुकत होता हेही सांगितले पाहिजे. तेथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाझर तलावांची कामे निघाली. 'कासा' या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून आलेले धान्य व तेल मजुरीदाखल दिले जाई. त्या कामातूनच १९७१ मध्ये बारामतीचा कृषि विकास प्रतिष्ठान हा विश्वस्त न्यास उभा राहिला. एकाच तालुक्यात एकीकडे ओंजळभर पाणी अडवण्यासाठी माणसे माती वाहत होती, दुसरीकडे पाण्याने जमिनी नासत होत्या. मधले अंतर काही ठिकाणी बैलगाडीने अर्ध्या दिवसाचे देखील नाही.

ही व्यथा नीरेचीच आहे असे कोणी समजू नये. तैग्रीस आणि फरात या नद्यांमधल्या प्रदेशात, जेथून आब्राहाम निघाला असे आपण वाचतो, तेथे चार हजार वर्षांपूर्वीच कालव्यांनी जमिनी खारावल्या होत्या. गव्हाला खार सोसत नाही, जवाला सोसतो. तेथल्या मातीच्या पाट्यांवरील हिशेबांत गहू हळूहळू कमी होत जातो आणि जव वाढत जातो, असे संशोधकांनी दाखवले आहे. सांगवीच्या सूनबाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी फार व्यवहारी प्रश्न विचारला. "मग आमच्या परसातला जव कोणता, फादर?"

तो प्रश्न आम्हांला इतिहासातून परसात घेऊन आला. परसातली निम्मी झाडे मुळात परदेशी आहेत. पपई, पेरू, चिकू, सीताफळ, मिरची, टोमॅटो, रताळे ही सारी अमेरिका खंडातली. त्यांतली बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि किनाऱ्यावरून घाट चढून देशावर गेली. काजू, अननस, बटाटा, कोबी या नावांत ती जहाजे अजून ऐकू येतात. आमच्या वसईच्या पूर्वजांनी या झाडांना अंगणात जागा दिली तेव्हा त्यांना पायाखाली रेताड जमीन मिळाली होती. पाणी घातले की ते खाली जाई; म्हणूनच रोज शिंपावे लागे, आणि म्हणूनच रोज शिंपणे चाले. आम्ही जो नियम शाश्वत समजून सांगवीला नेला तो वाळूचा नियम होता. काळ्या मातीत पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी तुंबले तरी तिचा ग्रंथ आटोपतो.

खाराच्या बाबतीत या पाहुण्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. लिंबूवर्गाला तो मुळीच सोसत नाही. घेवडा, गाजर, कांदा हेही नाजूक. टोमॅटो आणि मिरची थोडे सहन करतात, पण उत्पन्न घटते. पालक आणि बीट चांगले तग धरतात, नारळ आणि चिकूही. बोर, चिंच, आवळा ही आपली जुनी झाडे तर असल्या जमिनीत तक्रार न करता वाढतात. आजींनी सुनेला लग्नानंतर पहिल्याच वर्षी बोराचे रोप लावायला सांगितले होते म्हणे. ते काटेरी म्हणून मागे राहिले.

मग त्या घरात जे झाले ते सारे सूनबाईंनी केले, आम्ही फक्त पाहत होतो. परसाच्या उताराकडच्या अंगाला त्यांनी कमरेइतका खोल चर खणवला आणि तो गावच्या ओढ्याकडे काढला. शेजाऱ्यांनी वाट दिली, कारण त्यांच्याही परसात पांढरे पडलेच होते. आळी मोडून हातभर उंचीचे गादीवाफे केले. पावसाळ्यात रिकाम्या जागेत धैंचा पेरून फुलावर येताच तो जमिनीत गाडला. माती तपासून घेतली आणि सांगितल्या मापाने जिप्सम टाकले. जिप्सममधला चुना सोडियमला मातीपासून सोडवतो आणि मग पावसाचे पाणी त्याला चराकडे नेते. शेणखत दर वर्षी. धुण्याचे साबणाचे पाणी पूर्वी केळीला जाई, ते बंद केले, कारण धुण्याच्या सोड्यातही तोच सोडियम. पाणी देण्याआधी त्या वाफ्यात बोट खुपसून पाहतात. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आणि उन्हाळ्यात वाफे पाचटाने झाकतात, म्हणजे ऊन मातीवर पडून खार वर ओढीत नाही.

पहिल्या वर्षी पालकाशिवाय काही आले नाही. दुसऱ्या वर्षी बीट, वांगी, थोडी मिरची. शेवगा गादीवाफ्याच्या टोकाला लावला तो धरला. तिसऱ्या वर्षी एक पपई तगली आणि तिला फळे लागली. त्यांतले एक आम्हांला वर्तमानपत्रात गुंडाळून देण्यात आले. लिंबू मात्र दोनदा लावून दोनदा गेले. चराच्या पलीकडच्या कोपऱ्यात अजूनही मार्चमध्ये पांढरे फुटते.

इतके झाल्यावर आम्ही सुट्टीत वसईला गेलो तेव्हा आमच्या वाडीकडे निराळ्या नजरेने पाहिले. वसईच्या वाडीत बावखल असे. पावसाळ्यात भरणारे, गोड पाण्याचे, कडेला भेंडी आणि नारळ असलेले हे तळे आम्ही पोहण्याची जागा समजत होतो. आता कळते की ते आमच्या पूर्वजांचे धरणही होते आणि तटबंदीही. त्यात साठलेले गोड पाणी जमिनीत उतरून विहिरी भरी आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नसे. गेल्या काही दशकांत इमारतींसाठी कितीतरी बावखले बुजली. विहिरींवर मोटारी बसल्या, टँकर भरले गेले, आणि किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ झाले. सांगवीत पाणी फार घालून मीठ वर आणले, वसईत पाणी फार उपसून मीठ आत आणले. आमच्या चुलतभावाच्या विहिरीचे पाणी आम्ही ओंजळीत घेऊन तोंडात घेतले, आणि थुंकले. तो म्हणाला, "फादर, केळीला अजून चालतंय. पानवेल मात्र काढून टाकली."

आजींना वसईची राजेळी केळ पाहायची होती. तिची सुकेळी त्यांनी एकदा आमच्याकडून खाल्ली होती, आणि ती झाडावर कशी दिसते असे त्या विचारीत. केळीलाही खार सोसत नाही, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "आणा तर खरं. उंचावर लावू." गेल्या नोव्हेंबरात आम्ही भावाच्या वाडीतले दोन मुनवे ओल्या पोत्यात बांधून एस.टी.ने नेले. एक लागला नाही. दुसऱ्याला सहा पाने आली आहेत. खालच्या दोघांच्या कडा तपकिरी आहेत, वरची चार स्वच्छ हिरवी.